कुठे शिकलीस?

गेल्या वर्षीपासून मी मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी चित्रं काढते. नवं चित्र लागलं की कोणीतरी विचारतंच, "कुठे शिकलीस गं?" क्लास लावला होता का, इंटरमिजिएटला कुठली ग्रेड होती, जे.जे.ला का नाही गेलीस, असे पुढचे प्रश्नही ठरलेले. मी म्हणते, "स्वतःच शिकले." हे उत्तर खोटं नाही, पण फार आखूड आहे. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही, एवढंच त्यातून कळतं. मला शिकवणारं कोणी नव्हतं असाही त्याचा अर्थ होतो, आणि तो मला चालत नाही. संपादकांनी यंदा लेख मागितला, म्हणून म्हटलं, एकदा लांब उत्तर देऊन टाकू.

मी लिंबायतची. मुंबईहून गाडीने सुरतला जाताना उधना मागे पडलं की उजव्या हाताला जी दाट वस्ती दिसते, ती आमची. उधन्याहूनच तापी खोऱ्याची रेल्वेलाईन नंदुरबार, अमळनेरवरून जळगावकडे जाते. त्याच लाईनीने धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं लूम आणि मिलच्या कामाला सुरतेत आली. त्यामुळे आमच्या गल्लीत गुजराती कमी आणि मराठी, अहिराणी, हिंदी जास्त ऐकू येते. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालवते. मी त्यातल्याच एका मराठी शाळेत शिकले. शाळेत चित्रकलेचा तास होता, पण त्या तासाला बहुतेक वेळा गणित व्हायचं.

घर म्हणजे एक खोली आणि मागे मोरी. मम्मी घरी साडीचं काम करते. कधी लेस लावायची, कधी स्टोन चिकटवायचे, कधी धागा कटिंग. साड्यांचे गठ्ठे आले की खोलीत पाय ठेवायला जागा राहत नाही. पप्पा पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये होते, कलर किचनमध्ये. कपड्यावर छापायचा रंग जिथे तयार होतो त्या खात्याला मिलमध्ये 'कलर किचन' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, पप्पा मिलमध्ये स्वयंपाक करतात! तसं ते फार चूकही नाही. गमची खळ शिजवायची, त्यात मोजून रंग टाकायचा, घोटायचा, आधी छोट्या तुकड्यावर छापून बघायचा आणि शेड जुळली की मगच मोठा लॉट. इथे चव बघायची ती डोळ्यांनी.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मिल बंद पडल्या. पप्पा इतके दिवस सलग घरात मी पहिल्यांदाच पाहिले. साड्यांचं कामही येईना. माझ्याकडे शाळेतली कॅम्लिनची रंगाच्या वड्यांची पेटी होती आणि घरात साडीचे रिकामे खोके पडले होते. त्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर मी वेळ घालवायला रंगवू लागले. मोबाईलवर यूट्यूबवर जलरंगाचे व्हिडिओ सापडले. कोण रशियातला, कोण इंग्लंडमधला, कोण पुण्याचा. त्यांचं आभाळ एका फटकाऱ्यात पसरायचं, माझं पुठ्ठ्यावर डाग पडून बसायचं. पुठ्ठा एकीकडे पाणी लगेच पिऊन टाकायचा आणि दुसरीकडे ते तसंच तरंगत राहायचं.

पप्पा दोन दिवस नुसतं बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कपडा बदल."

कपडा म्हणजे कागद. मिलमध्ये पहिला प्रश्न रंगाचा नसतोच, कापडाचा असतो. पप्पांनी मला ते सुरतेच्या भाषेत समजावलं. आमच्याकडचं बहुतेक कापड पॉलिएस्टर. पॉलिएस्टर पाणी पीत नाही. रंगाईत त्याला दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा कुठे रंग आत शिरतो. सुती कापड मात्र पाणी ओढून घेतं आणि धरूनही ठेवतं. "तुझ्या रंगाला सुती पाहिजे," पप्पा म्हणाले. पुढे वाचताना कळलं की जलरंगाचा चांगला कागद खरंच कापसाचा असतो. जाड असतो, ३०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा. जाडीमुळे तो ओला झाला तरी फार वाकत नाही. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथे सुती चिंध्यांपासून कागद बनतो. हे पप्पांना सांगितलं तर ते खूप हसले. आख्ख्या सुरतेत चिंध्यांचे ढीग, आणि त्यातली एकही आमच्या कागदाच्या कामाची नाही!

कापसाचा कागद महाग. तो मी पत्त्यांएवढ्या तुकड्यांत कापायचे आणि दोन्ही बाजूंनी वापरायचे. त्या तुकड्यांवर पप्पांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. त्यांना त्या शिकवतोय असं वाटलंही नसेल, मिलमध्ये नव्या पोराला सांगतात तसं ते सांगत होते.

पहिली गोष्ट, शेड वाळल्यावर बघायची. ओलं कापड गडद दिसतं, वाळलं की फिकं. जलरंगाचं तंतोतंत तेच आहे. ओला असताना छान दिसणारा रंग वाळल्यावर पांढुरका पडतो, म्हणून लावतानाच थोडा जास्त गडद घ्यायचा.

दुसरी, शेड कुठल्या उजेडात बघतोस ते सांग. मिलमध्ये वेगवेगळे दिवे असलेली एक पेटी असते. एका दिव्याखाली जुळलेले दोन तुकडे दुसऱ्या दिव्याखाली वेगळे दिसतात. आमच्या खोलीत दिवसाही ट्यूबलाईट लागते. पप्पा माझं प्रत्येक चित्र उचलून दारात नेऊन बघायचे. आजही मी हॉस्टेलवर तेच करते, रूममेट हसतात.

तिसरी, तीनच्या वर रंग मिसळायचे नाहीत. पिवळा, लाल, निळा, यांतच बहुतेक शेड बसते. चौथा-पाचवा घातला की "शेड मरते." चित्रकार यालाच 'चिखल होणं' म्हणतात, हे मला नंतर एका पुस्तकात सापडलं.

पुस्तकं बारावीनंतर हातात आली. ज्योत्स्ना प्रकाशनाची मिलिंद मुळीक यांची जलरंगाची पुस्तकं एका ताईंनी वाचायला दिली. मुळीक शिक्षणाने इंजिनिअर, हे वाचून धीर आला. अमेरिकेतला विन्स्लो होमर हाही बराचसा स्वतःच शिकलेला, मासिकांसाठी चित्रं काढता काढता १८७३ च्या उन्हाळ्यात जलरंगाकडे वळला. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलंच असेल, कॅलेंडरवर नाहीतर कोणाच्या तरी भिंतीवर. १९४५-४६ च्या सुमाराचं ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. कितीतरी लोकांना ते तैलचित्र वाटतं, पण आहे जलरंगात. मी ते मोबाईलवर मोठं करून करून पाहिलं. बोटांमधून येणारा तो लालसर उजेड निव्वळ पाणी आणि रंगाचा आहे, हे मला बराच वेळ खरं वाटेना.

पण या सगळ्यांत माझ्या मनात घर केलं ते आबालाल रहिमान यांनी. कोल्हापूरचा हा चित्रकार मुंबईला जे.जे.त शिकला आणि पुन्हा कोल्हापूरला गेला. तिथल्या कोटितीर्थ तळ्याचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. तेच तळं, तीच झाडं, वेगवेगळ्या वेळचा उजेड. त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की माझं कोटितीर्थ कुठलं?

तोवर मी व्हिडिओत दिसायची तीच चित्रं करत होते. कोकणातलं कौलारू घर, वाड्याचा दरवाजा, बनारसचा घाट. हात बसायला ती चांगली असतात. पण लिंबायत कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. आमच्याकडे काय आहे? पत्र्याची छपरं, एकावर एक चढवलेल्या खोल्या, दोन घरांच्या मधल्या वायरी, साड्यांचे गठ्ठे भरलेले टेम्पो, दिवसरात्र चालणारी लूमची खटखट. मिठी खाडी आहे, तिचं पाणी काळपट, आणि जोराचा पाऊस झाला की ती घरांत शिरते. रेल्वेखालून जाणारा रस्ता आहे, त्याला आम्ही गरनाळं म्हणतो, तेही पावसात भरतं. हे चित्रात कसं आणायचं हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

सुरुवात आमच्या गल्लीपासून केली. सकाळी सातला एका बाजूच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं, ते मला हवं होतं. चित्र बऱ्यापैकी झालं. मी ते मम्मीसमोर धरलं. मम्मीने हातातली साडी खाली ठेवली, नीट बघितलं आणि म्हणाली, "हाई आपली गल्ली शे ना? मंग मान्सं कोठे गयात?"

खरंच, गल्लीत एकही माणूस नव्हता. आमच्या गल्लीत सकाळी सातला पाणी येतं. त्या वेळी तिथे कळश्या, बादल्या, भांडणं, शाळेची पोरं, रात्रपाळीहून आलेले कामगार असा मेळा असतो.

आता जलरंगाची एक अडचण सांगते, म्हणजे मम्मीचा प्रश्न किती अवघड होता ते कळेल. जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत, निदान जुन्या रीतीत तरी नाही. पांढरं म्हणजे कोरा कागद. गडद भिंतीपुढे उजळ माणूस हवा असेल, तर भिंत रंगवण्याआधीच त्याच्या आकाराची जागा सोडावी लागते. तेलरंगासारखं वरून माणूस ठेवता येत नाही. म्हणजे कोण कुठे उभं राहणार, कोणाच्या डोक्यावर ऊन पडणार, हे ब्रश बुडवायच्या आधी ठरवायचं. मी गल्लीचं चित्र परत घेतलं. आधी नुसत्या पेन्सिलीने माणसांच्या जागा आखल्या. नळाजवळ चार बायका, सायकल धरलेला एक काका, उंबऱ्यावर एक आजी. मग भिंती त्यांच्या भोवतीने रंगवत गेले.

आमच्याकडे जागा सोडणं हा प्रकारच नाही. फळीवर रिकामी जागा दिसली की मम्मी तिथे डबा ठेवते. कॉटखाली गठ्ठे, दारामागे बादली, खिडकीत भांडी. माझा हातही तसाच, कागदावर कोरं दिसलं की भरायला धावणारा. तो आवरायला मला वर्ष लागलं. आणि तो आवरला तो पुस्तकातल्या नियमाने नाही, तर "मान्सं कोठे गयात" या प्रश्नाने. आता चित्राला बसले की पहिलं काम तेच, माणसांची जागा राखून ठेवायची.

हे सगळं चालू असताना पप्पांच्या बाबतीत काहीतरी बिघडत होतं आणि ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. २०२२ च्या दिवाळीआधीची गोष्ट. मी गरनाळ्याचं संध्याकाळचं चित्र करत होते. सावलीत इंडिगो लावला होता, म्हणजे गडद निळा. पप्पा म्हणाले, "काळा कशाला लावलास? सावली कधी काळी नसते." मी म्हटलं, "पप्पा, हा निळा आहे." त्यांनी कागद उचलला, दारात नेला. बराच वेळ बघितलं आणि काहीच न बोलता आत येऊन बसले.

ज्या माणसाने आयुष्यभर नेव्ही ब्ल्यूच्या दहा शेड वेगळ्या केल्या, त्याला निळा आणि काळा वेगळा दिसत नव्हता. मग हळूहळू कळलं की मिलमध्ये दोन लॉट फेल झाले होते, आणि त्यांना कलर किचनमधून काढून फोल्डिंग खात्यात टाकून महिना झाला होता. पगार कमी झाला होता. रोज ते त्याच वेळी निघत होते, त्याच वेळी येत होते, त्यामुळे आम्हाला पत्ता लागला नाही.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळट होत जातं आणि निळा उजेड अडवतं, म्हणून निळा काळा वाटतो. इतकं हळू होतं की माणसाला स्वतःला कळत नाही. फ्रान्सच्या क्लोद मोनेचंही असंच झालं होतं. त्याचे मोतीबिंदू १९१२ मध्येच लक्षात आले, पण ऑपरेशन झालं १९२३ मध्ये, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. मधल्या वर्षांतली त्याची चित्रं लालसर, तपकिरी झाली. मी हे पप्पांना वाचून दाखवलं. पप्पांनी विचारलं, "त्याला कोणी कामावरून काढलं का?" मी म्हटलं, नाही. "मग बरंय," म्हणाले.

ऑपरेशनला नंबर लागेपर्यंत काही महिने गेले. त्या काळात पप्पांना कशातच रस राहिला नव्हता. रविवारी भिंतीला टेकून बसायचे. एकदा सहज मी विचारलं, "पप्पा, खाडीचा रंग कसा करू?" म्हणाले, "मला काय दिसतंय?" मी म्हटलं, "दिसू दे नाहीतर राहू दे, रेसिपी सांगा." थोडा वेळ गेला. मग डोळे मिटून म्हणाले, "तपकिरी तीन भाग, निळा दोन. पिवळा नुसता वास लागेल इतका."

ती खाडीचीच शेड निघाली.

तिथून आमचं शेडकार्ड सुरू झालं. मिलमध्ये असतं तसंच. वहीच्या पानावर कापसाच्या कागदाचा छोटा तुकडा चिकटवायचा, खाली नंबर, रंगांचे भाग, तारीख. पप्पा आठवणीतून रेसिपी सांगायचे, मी लावायचे, वाळू द्यायचे, बाहेर जाऊन खऱ्या जागेशी ताडून यायचे आणि "थोडा फिका", "लाल मारतोय" असं त्यांच्याच भाषेत सांगायचे. ते भाग बदलून द्यायचे. अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना हा विटकरी तपकिरी एवढ्या दोन रंगांतून किती राखाडी निघतात! गंजलेला पत्रा, ओला पत्रा, गरनाळ्याची आतली भिंत, लूमच्या खोलीतला धुरकट उजेड, पावसाआधीचं डिंडोलीकडचं आभाळ. प्रत्येकाला नंबर. ऑपरेशनपर्यंत आमच्या कार्डावर ३८ शेड झाल्या होत्या. लिंबायतचं असं कार्ड दुसऱ्या कोणाकडे असेल असं मला वाटत नाही.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. पहिली पट्टी निघाल्यावर पप्पा दवाखान्याच्या बाहेर उभे राहून म्हणाले, "सगळं निळं निळं आहे गं." घरी आल्यावर जेवायच्या आधी त्यांनी वही मागितली. दारात खुर्ची टाकून बसले आणि एकेक शेड तपासली, दोन दिवस. ३८ पैकी ११ शेडपुढे त्यांनी लाल पेनने 'फेल' लिहिलं, बाकीच्यांपुढे 'ओके'. खाडीची शेड ओके होती. ११ फेल बघून मला वाईट वाटायला हवं होतं, पण मम्मी आणि मी एकमेकींकडे बघून हसत होतो. पप्पा परत कामाला लागले होते.

कलर किचनमधली जागा त्यांना परत मिळाली नाही. तिथे आता एक तरुण मुलगा आहे आणि कॉम्प्युटर रेसिपी काढून देतो. पप्पा अजून फोल्डिंगमध्येच आहेत. हे चित्राने बदललं असतं तर लेखाला शेवट चांगला झाला असता, पण चित्राने पगार वाढत नाही. माझी फी स्कॉलरशिप आणि मम्मीच्या धागा कटिंगवर चालते. चित्रकलेत पुढे काय करायचं, बी.ए. झाल्यावर नोकरी बघायची की आणखी काही, हे मला आत्ता सांगता येणार नाही.

तुमच्यापैकी कोणाला जलरंग सुरू करायचे असतील तर माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. पेटी साधी चालेल, बारा रंगांची. पैसे कागदावर घाला, तुकडे करून वापरा. एक जाड गोल ब्रश पुरतो. कागदावरची चमक बघायला शिका. चमक आहे तोवर रंग पसरेल, चमक गेली की हात मागे घ्या, नाहीतर कोबीच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. पावसाळ्यात वाळायला तिप्पट वेळ लागतो, तेवढ्यात कविता वाचा. आणि घरी कोण काय काम करतं ते नीट विचारा. लोहार असेल, टेलर असेल, नर्स असेल, मासे विकणारी असेल. रंग, वजन, वेळ, हात यांच्याबद्दल त्यांना जे माहीत आहे ते यूट्यूबवर सापडत नाही.

आमच्या कार्डावर सध्या ६४ शेड आहेत. मुंबईला आल्यावर मी त्यात चर्नी रोडच्या समुद्राच्या तीन घातल्या. त्यांतल्या दोन पप्पांनी फोटोवरून तपासायला नकार दिला. "मोबाईलचा उजेड चालणार नाही, तुकडा घेऊन ये," म्हणाले. येत्या सुट्टीत घेऊन जाणार आहे.